कोलोनच्या घड्याळाने

ब्रुकलिन
रविवार, १७ फेब्रुवारी २०१३

लिनवल,

मी मेल्वा. अक्षर ओळखून पाकीट फेकून देण्याआधी एवढं वाच: मी एप्रिलमध्ये कोलोनला येते आहे. जहाजाने. एका दिवसासाठी.

तुझा भाऊ, माझा क्लीव्ह, २३ ऑक्टोबरला गेला. चर्चमार्फत निरोप पाठवला होता आणि तो तुझ्या हातात दिल्याचं त्यांनी मला कळवलं. तुझ्याकडून काही आलं नाही. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

क्रूझची तिकिटं क्लीव्हनेच काढली होती, जुलैत, आजार कळायच्या आधी. लोक क्रूझवर नाचायला आणि खायला जातात. माझ्या नवऱ्याला खड्डा बघायचा होता. जहाजवाल्यांनी सहलींचं पुस्तक पाठवलं तेव्हा त्याने मधली पानं उलटलीसुद्धा नाहीत. सहल क्रमांक सात, पनामाच्या नव्या कालव्याचं बांधकाम, बसने, चार तास, फार चालणं नाही. त्याभोवती त्याने पेनने तीन वेळा गोल केला. कागद फाटला.

तुला माहीत नसेल, पण कालव्याच्या कामावर लावलेल्या कॅमेऱ्यांची चित्रं इथे कॉम्प्युटरवर दिसतात. तो रोज सकाळी कॉफी घेऊन त्यापुढे बसायचा. मला हाक मारायचा, "मेल्वा, आज गातुनला पाऊस आहे. क्रेन उभ्याच आहेत." जणू त्या क्रेन त्याच्याच होत्या.

तो खड्डा तोच आहे ना? पप्पांनी चाळीस साली खणायला घेतलेला? लढाई आली, काम बंद पडलं, पाणी साचलं, आणि तुम्ही दोघं शाळा बुडवून त्यात डुंबायचात. मी काठावर कपडे सांभाळत बसायचे. क्लीव्ह म्हणायचा, "पप्पांचं काम सत्तर वर्षं रजेवर गेलं होतं. आता हजर झालंय."

मी तिकीट रद्द करणार होते. मग एका सकाळी मीच कॉम्प्युटर लावला. भिंत उभी राहत होती, लिनवल! ऑक्टोबरपासून केवढी वर आली होती! मी उभी राहून बघत राहिले आणि दूध उतू गेलं.

आणखी एक गोष्ट. आजोबांचा पितळी बिल्ला माझ्याकडे आहे. ४१२०७. क्लीव्हच्या खणात सापडला. आजोबा बार्बाडोसहून येऊन जुना कालवा खणताना ज्या बिल्ल्यावर पगार घ्यायचे, तोच. अजून लख्ख आहे. पप्पांच्या अंत्यविधीनंतर तो दाराच्या खिळ्यावरून नाहीसा झाला आणि तू क्लीव्हला चोर म्हणालास. त्याने पप्पांच्या कबरीची शपथ घेऊन नाही म्हणून लिहिलं, तर तू घरच्या बायबलच्या पहिल्या पानावरून, जिथे घरातल्या सगळ्यांचे जन्ममृत्यू लिहितात, त्याचं नाव खोडलंस. एकतीस वर्षं झाली.

बिल्ला तुझा आहे. दर शनिवारी तो घासायचं काम तुझंच होतं. तो मी तुझ्या हातात देईन. माझी मागणी एकच आहे. त्या पानावर क्लीव्हचं नाव पुन्हा लिही. जन्माची तारीख आणि आता दुसरीही.

मेल्वा


ब्रुकलिन
रविवार, २४ मार्च २०१३

लिनवल,

तू उत्तर दिलं नाहीस, पण तुझ्या लेकीचं, यारिएलाचं, कार्ड आलं. पोरीचं अक्षर क्लीव्हसारखं आहे, पुढे झुकलेलं. ती नव्या कालव्याच्या कामावर काँक्रीट तपासते, हे वाचून मी खुर्चीतून उठले. दिवसभर काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचे आणि किती भार सोसला ते लिहायचं! ती लिहिते, "काकू, घरात आम्ही चौथी पिढी. मी पहिली, जिला तोडायचा पगार मिळतो."

तिने हेही लिहिलं की तू दर गुरुवारी टेकडीवरच्या कठड्यापाशी काम बघायला जातोस. आमचं जहाज गुरुवारीच येतं आहे, ११ एप्रिलला.

पण तिने आणखी एक लिहिलं आहे. माझं पत्र वाचून तू म्हणालास, "म्हणजे होता तर त्याच्याकडेच," आणि ताटावरून उठलास.

लिनवल, ते वाक्य मला तीन आठवडे झोपू देत नाही. बिल्ला क्लीव्हच्या खणात सापडला नाही. आमच्या घरात सापडला, एवढं खरं. कुठे आणि कसा ते समोर आल्यावर सांगेन. तोपर्यंत त्याला काही म्हणू नकोस. मनातसुद्धा.

सहलीच्या कागदावर वेळ छापली आहे: कठड्यापाशी दहा ते अकरा. दहा वाजता ये. मी निळी टोपी घालून असेन. मी जाड झाले आहे, ओळखायला त्रास होईल.

मेल्वा


जहाजावर
मंगळवार, ९ एप्रिल २०१३

लिनवल,

हे पत्र टपालात टाकणार नाही. बिल्ल्याबरोबर हातात देईन.

परवा फ्लोरिडाहून निघालो. क्लीव्हच्या तिकिटावर चर्चमधली युलाली आली आहे. तिला गप्प बसता येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणून आमचं जमतं. पहिल्या दिवशी खोलीत आल्या आल्या ती पलंगाच्या कडेवर बसली.

"मेल्वा, खरं सांग. तुझ्या नवऱ्याच्या जागेवर झोपले तर तो येऊन माझे पाय ओढणार नाही ना?"

"आला तर खिडकीशी बसेल," मी म्हटलं. "तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही."

"हं! जिवंत होता तेव्हा तरी कुठे बघितलं मेल्याने!"

त्याच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा हसले. मग दोघी रडलो आणि जेवायला गेलो.

आज कालव्यावर व्याख्यान होतं. एक निवृत्त इंजिनिअर पडद्यावर चित्रं दाखवत होते. जहाजं पाण्याने वर उचलणारे जुने लॉक एकशे दहा फूट रुंद, नवे एकशे ऐंशी! लोखंडी दरवाजे इटलीहून यायचे आहेत, एकेक दरवाजा आपल्या जुन्या चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांवर झाकण पडेल एवढा. मग त्यांनी एक जुना फोटो लावला, पाण्याने भरलेला चर. म्हणाले, "हा भाग अमेरिकनांनी एकोणीसशे चाळीसमध्ये खणून सोडून दिला."

माझा हात आपोआप वर गेला. तुला माहीत आहे, मी शाळेतसुद्धा कधी हात वर केला नाही.

"अमेरिकनांनी नाही," मी म्हटलं. "माझ्या सासऱ्यांनी. एझेकिएल गिटन्स."

त्यांनी मला उभं केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओहायोच्या एका म्हाताऱ्याने पुढे येऊन माझा हात हातात घेतला. युलाली म्हणाली, "झालं! आता ही नाश्त्याच्या टेबलावर सह्या देत बसणार."

शेवटी सूचना दिली की घड्याळं बदलू नका, बंदरातही जहाजाचीच वेळ धरा. बरं झालं, तेवढी एक काळजी कमी.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

बिल्ला मी घेतला.

पप्पांना पुरून आलो त्या दुपारी स्वयंपाकघरात तू क्लीव्हला म्हणालास, "तू काय, पाहुणा. सूट घालून आलास, फोटो काढशील आणि जाशील." तो उठला. अंगणात जाऊन नळाखाली तोंड धुऊ लागला, बराच वेळ. मी खिळ्यावरून बिल्ला काढला आणि टोपीच्या खोक्यात टाकला. बापाच्या घरातून माझ्या नवऱ्याने अगदी रिकाम्या हाताने का जावं, एवढंच डोक्यात होतं. ब्रुकलिनला पोचल्यावर त्याला सांगणार होते. त्याआधी तुझं पत्र आलं. त्याने माझ्यासमोर बसून शपथेचं उत्तर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, शेवटच्या ओळीत स्वल्पविराम राहिलाय.

तेव्हा बोलले नाही म्हणून नंतर बोलता आलं नाही. मी एकोणतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले. आमचा नियम असतो, आत काय दिसलं ते आपण सांगायचं नाही. मी तो घरीही पाळला.

बिल्ला रुमालात गुंडाळून कपाटात, जुन्या बटणांच्या डब्याच्या तळाशी ठेवला होता. क्लीव्ह गेल्यावर पहिल्यांदा काढला. मी एकदाही उघडून पाहिला नव्हता. धीर नव्हता.

क्लीव्ह चोर नव्हता. त्याला काही ठाऊक नव्हतं. तू भाऊ गमावलास आणि त्याने तुला, ते माझ्यामुळे.

मला माफ कर असं लिहीत नाही. त्याचं नाव लिही, एवढंच लिहिते.

मेल्वा


जहाजावर
गुरुवार, ११ एप्रिल २०१३, संध्याकाळ

लिनवल,

आजचं सगळं तू पाहिलंस, तरी लिहिते. तू यायच्या आधी काय झालं ते तुला ठाऊक नाही, आणि तू गेल्यानंतर मला काय कळलं तेही नाही. हे उद्या लिमोनच्या बंदरातून टपालात टाकेन.

पहाटेपासून मी डेकवर. किनारा दिसायच्या आधी वास आला, ओल्या मातीचा आणि डिझेलचा. युलाली म्हणाली, "शी, कसला वास!" मी म्हटलं, "गप्प बस, ते माझं गाव आहे."

बसमधून उतरले आणि कठड्याशी गेले. कॅमेऱ्यात ते हाताएवढं दिसायचं. देवा! दहा मजली भिंती जमिनीच्या खाली गेलेल्या! सळया इतक्या दाट बांधलेल्या की आतून मांजर जाणार नाही. माणसं नुसत्या टोप्यांच्या रंगावरून कळत होती. क्रेनने काँक्रीटची बादली उचलली, ती आमच्या डोळ्यांसमोरून गेली, आणि मी ओरडले, "क्लीव्ह, बघ!" सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. मला लाज वाटली नाही. पलीकडे जुन्या लॉकमधून एक जहाज चढत होतं आणि इकडे हे! ओहायोच्या म्हाताऱ्याला मी हात करून दाखवलं, तिथे, त्या पिवळ्या क्रेनखाली, तुम्ही दोघं डुंबायचात.

पण दहा वाजून गेले आणि तू नव्हतास. सव्वादहा. साडेदहा. प्रत्येक टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे मी बघून आले. अकराला पाच कमी असताना गाइड पोरीने टाळ्या वाजवून सगळ्यांना बसकडे बोलावलं.

युलालीने माझा दंड धरला. "नाही आला. चल बाई. तुझ्याकडून होतं तेवढं केलंस."

बसच्या पायरीवर पाय ठेवला. शेजारच्या सरबताच्या टपरीत भिंतीवर घड्याळ होतं. दहाला पाच कमी.

"तुमचं घड्याळ मागे आहे," मी टपरीवालीला म्हटलं.

"नाही हो आजी. बरोब्बर आहे. कुठून आलात?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. न्यूयॉर्कवाले मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात, जहाजही त्यांच्याबरोबर, आणि पनामा कधीच करत नाही. जिथे जन्मले, वाढले, लग्न केलं, तिथली वेळ मी विसरले होते! तुला दहा वाजता ये म्हटलं होतं, आणि तुझे दहा अजून वाजायचेच होते.

"मी येत नाही," मी म्हटलं.

"वेड लागलंय का!" युलाली ओरडली. "जहाज सोडून जाईल तुला! साडेतीनला सगळे आत हवेत!"

"म्हणजे अडीचला. आमच्या अडीचला."

"आमच्या म्हणे! आत्ता पाच मिनिटांपूर्वीपर्यंत ही ब्रुकलिनची होती!"

गाइड पोरीने कागद पुढे केला: मी स्वखुशीने सहल सोडत आहे. मी सही केली. बस गेली. युलालीचं तोंड मागच्या काचेला चिकटलेलं होतं.

आणि दहा वाजून सात मिनिटांनी तू चढ चढून आलास. सात मिनिटं उशिराने. लहानपणापासून तुझी सात मिनिटं ठरलेली.

"जाड झालीस," तू म्हणालास.

एकतीस वर्षांनी हे. मला आनंदच झाला. पत्र आणि बिल्ला एकदमच पुढे केले. पत्र तू न उघडता खिशात टाकलंस. बिल्ला उन्हात धरलास, नाकाशी नेलास, त्यावरून अंगठा फिरवलास.

"सातचा पाय कुठे गेला?"

मला कळलं नाही. मग पाहिलं. ४१२०७ मधल्या सातचा खालचा भाग जवळजवळ पुसला गेला आहे.

"मी घासायचो तेव्हा होता," तू म्हणालास. "कोण घासायचं हा?"

"कोणीच नाही. डब्यात होता."

"पितळ डब्यात ठेवलं तर काळं पडतं, मेल्वा."

मग तू कठड्याकडे वळलास आणि खाली बघत राहिलास. मीही बघत राहिले. नंतर तू एकदम बोलायला लागलास. कुठे माती किती खोल लागली, कुठे पंप बिघडला, यारिएलाची प्रयोगशाळा कुठल्या पत्र्याखाली. बोट दाखवून दाखवून, अगदी पप्पांसारखा. "आणि तिथे बघ, तिथे क्लीव्हने माझी चड्डी झाडावर टाकली होती." त्याचं नाव तू घेतलंस ते तुझ्या लक्षातही आलं नसेल.

तुझ्या गाडीचं दार आतून उघडत नाही, ते दुरुस्त कर. चिचेमे पाजलंस, ते बरं केलंस. मक्याचे दाणे अजून तसेच तळाशी बसतात.

बंदराच्या फाटकाशी तू विचारलंस, "शनिवारी काय करायचा तो?"

"कोण, क्लीव्ह? काही नाही. मी गाण्याच्या सरावाला जायचे. तो घरी."

तू मान हलवलीस आणि गाडी वळवलीस. निरोप घेतला नाहीस.

जहाज सुटलं. युलाली माझ्याशी बोलत नव्हती, म्हणजे अर्धा तास. तिने चहा मागवला. बशीत लिंबाची फोड होती. मी ती उचलून बाजूला ठेवली. आम्ही चहात लिंबू घेत नाही.

लिनवल, आम्ही कशातच फारसं लिंबू घेत नाही. आणि तो दर आठवड्याला लिंबं आणायचा. शनिवारी दुपारी मी सरावाहून परत आले की स्वयंपाकघरात लिंबाचा वास असायचा आणि तो हात पुसत म्हणायचा, "सिंक घासलं." मी माझ्या मैत्रिणींना सांगायचे, बघा, माझा नवरा सिंक घासतो.

त्याला ठाऊक होतं.

कधी सापडला असेल कुणास ठाऊक. पण तुला शपथेचं पत्र त्याने पहिल्याच वर्षी पाठवलं. त्यानंतर तुझी आणखी दोन पत्रं आली, वाईट वाईट शब्दांची, आणि त्यांना त्याने उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, रागाने. आता वाटतं, त्याला पुन्हा शपथ घेता येईना, आणि माझं नावही घेता येईना.

बिल्ला घासून तो परत माझ्याच रुमालात गुंडाळून ठेवायचा. घडी माझ्यासारखीच. मी कधी सांगते याची वाट बघत असेल, की मी सांगू नये म्हणून गप्प राहिला असेल? आता कोणाला विचारू?

तू अंगठा फिरवलास तेव्हाच तुला कळलं होतं. मला शनिवारचं विचारलंस ते मला कळावं म्हणून.

माझ्या आधीच्या पत्रात एक वाक्य चुकलं आहे. "त्याला काही ठाऊक नव्हतं." ते खोडून टाक.

मेल्वा


ब्रुकलिन
शनिवार, ११ मे २०१३

लिनवल,

काल फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. मी फोन उचलला, तर ना नमस्कार ना काही.

"काय गं चोरटे," तू म्हणालास. "तारीख सांग."

आवाज इतका त्याच्यासारखा होता की मी भिंतीला टेकले.

"कसली तारीख?"

"बायबल उघडून बसलोय. यारिएला पेन धरून उभी आहे, मला देत नाही. म्हणते, पप्पा, खोडाखोड करायची तुम्हाला सवय आहे."

मागे ती हसत होती.

मी म्हटलं, "पत्र वाचलंस?"

"दोन्ही वाचली. दोनदा. आता पुन्हा नाही वाचणार." मग पान उलटल्याचा आवाज आला. "मूर्ख होता माझा भाऊ. मी त्याला काय काय लिहिलं. एकदा तरी उलटून बोलायचं!"

  मग तू खाकरलास.

"तारीख."

"तेवीस ऑक्टोबर."

"वेळ? पप्पांची लिहिली आहे, आजोबांची लिहिली आहे. वेळ लागते."

"सकाळी सहा वीस."

"तुमच्या घड्याळाने की आमच्या?"

त्यावर मला हसू आलं आणि मग दुसरंच काहीतरी आलं, म्हणून मी फोन ठेवला. तू रागावला नसशील.

मी हिशेब केला. आमचं घड्याळ तेव्हा तासभर पुढे होतं. तिथे पाच वीस झाले असतील. तुम्ही सगळे झोपेत असाल, खाली काम चालू असेल. आदल्या संध्याकाळी त्याने मला कॉम्प्युटर पलंगाजवळ आणायला लावला होता आणि विचारलं होतं, भिंत कुठपर्यंत आली.

पाच वीस लिही.

मेल्वा